न वापरलेला हक्क

(दृश्य: टेबलावर आखलेला मोठा कागद. पेन्सिल, खोडरबर, पट्टी. मागे कुठेतरी मॉनिटरची संथ टिकटिक.)

रात्रीचे साडेनऊ. वॉर्डातल्या पेशंटना औषधं देऊन झालीत आणि इन्चार्ज सिस्टर डिसेंबरची ड्युटी लिस्ट लावायला बसल्यात. चौदा नावं, एकतीस दिवस, तीन पाळ्या. बाहेरून हे काम कारकुनी वाटतं. पण ज्याने कधी ड्युटी लिस्ट लावली आहे त्याला ठाऊक असतं, वॉर्डातली अर्धी भांडणं याच कागदावर जन्माला येतात. सलग नाइट कुणाला लागल्या, सुट्टीला जोडून ऑफ कुणाला मिळाला, आणि कुणाला नेहमीच मिळतो, हे सगळे बरोबर लक्षात ठेवतात.

२४ तारखेची रात्र अजून रिकामी आहे.

(दृश्य: पेन्सिलचं टोक त्या चौकोनावर थांबलेलं.)

सिस्टर ख्रिस्ती आहेत. नाताळच्या आदल्या रात्रीची उपासना त्यांनी लहानपणापासून क्वचितच चुकवली असेल. शिवाय इन्चार्जला साधारणपणे सकाळचीच ड्युटी असते. त्यांनी तो चौकोन दुसऱ्या कुणाच्या नावाने भरला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पद आहे, नोकरीची वर्षं आहेत, सण तर स्वतःचाच आहे. हक्काला आणखी काय लागतं?

त्या स्वतःचं नाव लिहितात आणि २५ तारखेकडे वळतात.

कामाच्या ठिकाणचं ख्रिस्ती नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र येतं. टेबलावर पवित्र शास्त्र, भिंतीवर वचनाची पाटी, मीटिंगआधी प्रार्थना. त्यात वाईट काही नाही. पण या फिल्मचा विषय तो नाही. आपण बघणार आहोत तो हा चौकोन. हातात असलेला, कुणी हरकत घेणार नाही असा हक्क माणूस बाजूला कधी ठेवतो, आणि का?

(दृश्य: तांब्याचं घंगाळ, पाणी, जाडसर टॉवेल. चेहरे दिसत नाहीत, फक्त हात.)

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय. शेवटचं भोजन. येशू उठतो, बाहेरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्या काळी हे घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं काम. चित्रांमधून, प्रवचनांमधून हा प्रसंग आपण इतक्यांदा पाहिला-ऐकला आहे की त्यातली धार बोथट झाली आहे.

म्हणून त्याच्या अलीकडचं वाक्य वाचायला हवं. योहान सांगतो, पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे येशूला ठाऊक होतं. आणि लगेच पुढे, तो उठला. म्हणजे अधिकार नव्हता म्हणून खाली बसला असं नाही. नम्रपणाचा देखावाही नाही. सगळं हातात आहे याची पूर्ण जाणीव असतानाच त्या हातांनी रुमाल उचलला.

पेत्राला ते सहन होत नाही. तो पाय मागे घेतो. आपल्या गुरूने आपल्यापुढे वाकावं ही कल्पनाच त्याला अवघड जाते. चांगल्या साहेबाच्या हाताखाली ज्यांनी काम केलं आहे त्यांना हा संकोच ओळखीचा वाटेल. आणि यहूदा? तो त्या रात्री भोजनावरून उठून बाहेर पडतो ते त्याच अध्यायात, पण नंतर. पाय धुतले गेले तेव्हा तो तिथेच होता.

(दृश्य: दगडी भिंतीचा जुना भाग. निवेदन चालू राहतं.)

याच्याही काही शतकं आधीची गोष्ट. साल इ. स. पू. ४४५. नहेम्या हा पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक. राजाची परवानगी काढून तो यरुशलेमला येतो आणि शहराचा पडलेला तट बांधायला घेतो. बावन्न दिवसांत तट उभा राहतो. व्यवस्थापनावर बोलणाऱ्यांना हा आकडा फार आवडतो. कामाची विभागणी, पहारे, एका हातात अवजार आणि दुसऱ्या हातात शस्त्र, हे सगळं ते रंगवून सांगतात. मला मात्र नेहमी वाटतं की पवित्र शास्त्रातल्या नहेम्याच्या पुस्तकातला खरा कस पाचव्या अध्यायात लागतो, आणि तोच अध्याय घाईत उरकला जातो.

तटाचं काम ऐन भरात असताना लोक तक्रार घेऊन येतात. धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली आहेत. राजाचा कर भरायला कर्ज काढलंय. मुलामुलींना गुलामीत द्यावं लागतंय. आणि सावकार परके नाहीत, आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या संतापतो. पण भरसभेत तो जे बोलतो त्यातलं एक वाक्य ऐकण्यासारखं आहे. मी आणि माझे भाऊसुद्धा यांना पैसे आणि धान्य उसनं देत आलो आहोत, तो म्हणतो, आता आपण हे व्याज सोडून देऊ.

‘आपण.’ दोष दाखवताना त्याने स्वतःला यादीतून वगळलं नाही.

मग येतो हिशोब. राजाने नेमलेला तिथला सुभेदार म्हणून त्याला खाण्यापिण्याचा भत्ता होता. आधीचे सुभेदार तो घेत, वर लोकांकडून चाळीस शेकेल चांदी उकळत. त्यांचे नोकरसुद्धा लोकांवर हुकूम गाजवत. नहेम्याने बारा वर्षं तो भत्ता घेतला नाही. त्याच्या पंक्तीला रोज दीडशे माणसं असत. दिवसाला एक बैल, सहा निवडक मेंढरं, शिवाय पक्षी. हा खर्च काही लहान नव्हता, आणि तो भागवायला भत्ता घेणं अगदी कायदेशीर होतं.

का घेतला नाही, याची त्याने दोन कारणं दिली आहेत. एक, देवाचं भय. दुसरं, या लोकांवर आधीच भार फार होता. मला ही दोन कारणं शेजारी शेजारी आहेत हे महत्त्वाचं वाटतं. नुसतं पहिलं असतं तर ते व्रत झालं असतं. दुसरं दिसायला माणसांकडे नीट बघावं लागतं.

(दृश्य: ऑफिसची रिकामी मीटिंग रूम. खुर्च्या, पांढरा फळा, त्यावर अर्धवट पुसलेले बाण.)

पण सगळीच गोष्ट गोड नाही. श्रद्धा आणि साहेबी एकत्र आली की तिसरीही एक गोष्ट जन्माला येऊ शकते. कलस्सैकरांस पत्रात पौल दासांना सांगतो, तोंडदेखलं काम करू नका, मनापासून करा, माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी करतोय असं समजून करा. हे वचन वरिष्ठांना फार प्रिय. ते पाठ असतं, पाटीवर असतं. त्याच ओघात, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, पौल धन्यांकडे वळतो: दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, कारण स्वर्गात तुमचाही धनी आहे. ही ओळ कोणत्या भिंतीवर लावलेली मी अजून पाहिलेली नाही. दासांना सांगितलेली वचनं मात्र पुढे गुलामांच्या मालकांनी शतकानुशतकं वापरली.

त्याच मालकांच्या जगातला एक कारकून आता बघू.

(दृश्य: पिसाची लेखणी, शाईची दौत, जाड कागद. लेखणी शाईत बुडते.)

अठराव्या शतकातलं न्यू जर्सी, अमेरिकेतली तेव्हाची इंग्रज वसाहत. जॉन वूलमन विशी ओलांडलेला तरुण, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. दुकानात हिशेब आणि लिखापढी करतो. एके दिवशी मालक सांगतो, आपण एक गुलाम बाई विकली आहे, तिचं खरेदीखत लिही. घेणारा समोरच थांबलेला. तोही क्वेकर, वयस्कर, आपल्यातलाच. सगळं इतकं अचानक झालं की वूलमनने लिहून दिलं. नोकरीच होती ना त्याची. मात्र कागद हातावेगळा करताना त्याचा जीव इतका कासावीस झाला की मालकासमोर आणि त्या गिऱ्हाइकासमोर तो बोलून गेला: गुलाम बाळगणं ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही असं मला वाटतं.

लक्षात घ्या, खत त्याने लिहिलंच. त्या बाईची विक्री झाली. ही काही विजयाची कथा नाही.

पण त्यानंतर तो असा कागद लिहीना. पुढे एकदा एक शेजारी दुखापतीने अंथरुणाला खिळला. वूलमनने त्या काळच्या रीतीप्रमाणे उपचार म्हणून त्याचं रक्त काढलं. शेजाऱ्याने मृत्युपत्र लिहून मागितलं. त्यात एका गुलाम मुलीचीही वाटणी होती. वूलमनने सगळं लिहिलं, तेवढा भाग कोरा ठेवला आणि कागद घेऊन खाटेपाशी गेला. झालेल्या कामाचे पैसे नकोत, म्हणाला, पण हे एवढं माझ्या हातून होणार नाही. ना आरडाओरडा, ना शाप. दोघं बराच वेळ बोलत राहिले. शेवटी शेजाऱ्याने मुलीला मोकळं करायचं ठरवलं, आणि तेव्हा वूलमनने कागद पुरा केला.

१७५७ मध्ये तो दक्षिणेकडच्या वसाहतींत फिरला. जिथे मुक्काम करी तिथे गुलामांचे हात त्याच्यासाठी राबत. निघताना तो त्यांच्या कष्टांचे पैसे चांदीच्या नाण्यांत चुकते करायचा. कधी स्वतः, कधी यजमानाच्या हाती देऊन. यजमानाला ते पैसे हातात घेताना काय वाटत असेल, ही कल्पना प्रत्येकाने आपापली करावी.

धंद्याचंही तसंच. पुढे त्याचं स्वतःचं दुकान वाढत होतं, मोठ्या व्यापाराचा रस्ता समोर मोकळा दिसत होता. त्याने तो धंदा आवरता घेतला, गिऱ्हाइकांना तसं सांगितलं आणि शिवणकामावर घर चालवलं. १७७२ मध्ये देवीच्या आजाराने तो गेला. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना पंथाबाहेर काढायचं ठरवलं. हे एकट्या वूलमनचं काम नव्हतं, बरेच जण झटले होते. पण ज्यांच्याशी तो बोलायचा त्यांच्यावर हुकूम चालवायची सत्ता त्याला कधीच नव्हती.

(दृश्य: पुन्हा मीटिंग रूम. आता माणसं आहेत, आवाज नाही.)

आजच्या कामात खरेदीखतं नसतात. असतात त्या लहान गोष्टी. गिऱ्हाइकाला गेलेल्या चुकीच्या फाइलबद्दल वरून विचारणा झाली की टीम लीडर ‘मी तपासायला हवं होतं’ लिहितो, की ज्या मुलाने ती पाठवली त्याचं नाव? कामगाराने बिल तीन आठवड्यांपूर्वी दिलंय, सहीसाठी ते कुणाच्या टेबलावर पडलंय? याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते, आणि ती देवाच्या कानापर्यंत पोहोचते. सही लांबवणाऱ्याने हे एकदा वाचावं.

आणि प्रार्थनेचंही बोलून टाकू. हाताखालच्या माणसाला ‘चल, प्रार्थना करू’ म्हणणारा साहेब प्रेमानेच म्हणत असेल. पण ज्याची पगारवाढ साहेबाच्या हातात आहे, तो नाही कसा म्हणेल? इथेही एक हक्क बाजूला ठेवता येतो.

(दृश्य: मठाच्या स्वयंपाकघरातली भांडी, घासून उपडी घातलेली.)

इ. स. ५३० च्या सुमाराला इटलीत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्र्याहत्तर प्रकरणं, आणि बरीचशी अगदी घरगुती. कोठाराच्या कारभाऱ्याने मठाची सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. कुणी काही मागायला आलं आणि द्यायला नसेल, तर निदान गोड शब्द द्यावा. मठाधिपतीने गंज काढण्याच्या नादात इतकं घासू नये की भांडंच फुटेल.

तिसऱ्या प्रकरणात तो म्हणतो, काही महत्त्वाचं ठरवायचं असेल तर सगळ्यांना बोलवा, कारण जे योग्य ते प्रभू पुष्कळदा सगळ्यात लहानाला दाखवतो. निर्णय शेवटी मठाधिपतीचाच. पण त्याआधी त्याने ऐकायचं.

(दृश्य: वॉर्ड. ड्युटी लिस्टचा कागद आता बराचसा भरला आहे. खोडरबराचा भुगा.)

अकरा वाजून गेलेत. नर्सिंग पूर्ण करून चारच महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी कागदावर वाकून बघते. जरा घुटमळते.

“सिस्टर, एक बोलू का?”

“बोल ना.”

“तुम्ही २३, २४, २५, २६ अशा चार नाइट स्वतःलाच लावल्यात. आणि २७ ला परत सकाळ.”

“सणाचे दिवस आहेत ग. कुणाला लावू?”

“पण २७ ला इन्सुलिनचे डोस तुम्हीच तपासणार. न झोपता?”

सिस्टर काही बोलत नाहीत. त्याग हाही एक रुबाब होऊ शकतो. ‘माझ्याशिवाय हा वॉर्ड चालत नाही’ हे वाक्य सेवेच्या वेशातही येतं, आणि त्याची किंमत कधीकधी खाटेवरच्या पेशंटला मोजावी लागते. मुलीने एवढं सगळं म्हटलेलं नाही. तिने फक्त तारखा वाचून दाखवल्या.

सिस्टर चष्मा काढतात, पुसतात, परत घालतात. २४ तसाच राहतो. २५ आणि २६ वरून खोडरबर फिरतो.

“२५ ला तू करशील?”

“करीन. २६ ला मात्र दुसऱ्या कुणाला विचारा.”

“विचारते,” सिस्टर म्हणतात, आणि पेन्सिल मुलीच्या हातात देतात. “घे, तुझं नाव तूच लिही.”

(दृश्य: मुलगी वाकून नाव लिहिते. आतल्या खोलीत कुणाची तरी बेल वाजते. सिस्टर उठून जातात. कागद टेबलावर तसाच, २६ चा चौकोन रिकामा.)