टपालपेटी ते खोली

(वडोदऱ्यात मराठी शिक्षक-पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, विषय वाचून काहींना वाटलं असेल, अमेरिकेतलं कॅथलिक विद्यापीठ, तिथली समलिंगी मुलं, आणि ऐकायचं आपण दांडिया बाजारात बसून. मी हा विषय घेतला त्यामागे माझी एक जुनी बोच आहे. ती आधी सांगून टाकते.

मी कॉलेजात शिकवत होते तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा, आपल्याच मराठी घरातला, मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आला. "मॅडम, दोन मिनिटं बोलायचं होतं." सात टेबलं, सात खुर्च्या, दाराला नुसता पडदा. त्याने सुरुवात केली, "मला ना, मुलींबद्दल तसं काही..." आणि तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. मुलगा गप्प. दाराकडे बघत राहिला; कडी आहे का ते शोधत असावा. शिपाई गेल्यावर त्याने ट्यूटोरियलची तारीख विचारली. मला कळलं होतं. तरी मी तारीखच सांगितली.

आता वॉशिंग्टनला जाऊ. जॉर्जटाउन हे जेझुइट, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या एका संघाच्या पाद्र्यांचं विद्यापीठ, १७८९ मध्ये स्थापन झालेलं. १९८० मध्ये तिथल्या समलिंगी विद्यार्थ्यांच्या संघटनांनी विद्यापीठाला कोर्टात खेचलं. मागणी साधी होती: इतर मंडळांना देता ते आम्हालाही द्या. विद्यापीठाचं म्हणणं, तुम्हाला मान्यता दिली तर आमच्या धर्माला आम्हीच खोटं ठरवलं असं होईल. १९८७ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने जो निकाल दिला तो मला फार चतुर वाटतो, आणि थोडा केविलवाणाही. कोर्ट म्हणालं, टपालपेटी द्या, टपालाची सोय द्या, निधीसाठी अर्ज करू द्या. शहराच्या मानवाधिकार कायद्याखाली हे द्यावंच लागेल. मान्यता मात्र आम्ही द्यायला लावू शकत नाही. म्हणजे वाटणीत चुलीपुरती जागा मिळाली, पंगतीत पान नाही.

असं वीस वर्षं चाललं. २००७ मध्ये एका विद्यार्थ्यावर तो समलिंगी असल्याच्या रागातून हल्ला झाला. मुलं रस्त्यावर उतरली. या वेळी त्यांनी कोर्टाकडे धाव घेतली नाही. त्यांनी विद्यापीठाला त्याचंच वाक्य ऐकवलं. जेझुइटांचा एक लॅटिन मंत्र आहे, 'क्यूरा पर्सोनालिस', म्हणजे अख्ख्या माणसाची काळजी. माहितीपत्रकात छापता ना, मग आमच्यातला कुठला तुकडा वगळून काळजी घेणार? विद्यापीठाच्या अध्यक्षांनी विद्यार्थ्यांशी जाहीर चर्चा केली, कार्यगट नेमले, आणि २००८ मध्ये एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे मुलांसाठीचं केंद्र उघडलं. अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठांत असं ते पहिलंच. केंद्राच्या पहिल्या संचालक कोण? शिवगामी सुब्बरामन, भारतीय वंशाच्या बाई. 'हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे' म्हणणाऱ्यांसाठी मी हे नाव राखून ठेवते.

चर्चची शिकवण बदलली का? नाही. कॅटेकिझम हा त्यांचा अधिकृत धर्मशिकवणीचा ग्रंथ. त्यात समलिंगी संबंध चूकच ठरवलेत, आणि लगोलग असंही म्हटलंय की या माणसांना आदराने, करुणेने, हळुवारपणे वागवा, अन्याय्य भेदभाव नको. केंद्र उभं राहिलं ते या दुसऱ्या वाक्यावर. आपल्याकडेही डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी स्पष्ट सांगितलं होतं की समलिंगींना गुन्हेगार ठरवणं चर्चला मान्य नाही. नोत्र दामसारख्या कडक समजल्या जाणाऱ्या कॅथलिक विद्यापीठातही २०१३ मध्ये विद्यार्थी संघटनेला जागा मिळाली.

आपल्या वडोदऱ्यात काय झालं? इथे २००० मध्ये राजपीपळ्याच्या राजघराण्यातल्या मानवेंद्रसिंह गोहिलांनी लक्ष्य ट्रस्ट सुरू केला. २००६ मध्ये 'मी समलिंगी आहे' असं सांगणारी त्यांची मुलाखत छापून आली तर राजपीपळ्यात त्यांचे पुतळे जाळले. ट्रस्टचं मोठं काम एचआयव्ही प्रतिबंधाचं. ते मोलाचं आहे, पण बघा, आपल्याकडे हा माणूस दिसला तो आजाराच्या दारातून. दवाखान्यात केसपेपर काढला तर त्याला नाव मिळालं. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर, ज्याला काहीही झालेलं नाही, फक्त कुणाशी तरी बोलायचंय, त्याने कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं?

कागद आपल्याकडेही आहेत. समलिंगी संबंध गुन्हा नाही, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे. त्याच्याही आधी, २०१६ मध्ये, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, रॅगिंगविरोधी नियमांत लैंगिक कलावरून छळणं हे रॅगिंगच, असं लिहून टाकलं. प्रवेशाच्या वेळी पालक त्याच नियमांच्या हमीपत्रावर सही करतात, वाचतं कोण म्हणा! म्हणजे आपण टपालपेटीपर्यंत आलोय. खोली नाही, पगारी माणूस नाही.

परवा एका प्राचार्यांशी बोलत होते. ते म्हणाले, "खोली देऊ हो, पण पाटीवर काय लिहायचं?" प्रश्न चेष्टेचा नाही. पाटीवर स्पष्ट लिहिलं तर आत जाताना पाहिलेल्या मुलाची बातमी संध्याकाळपर्यंत घरी पोचेल. वडोदरा केवढं ते! काहीच लिहिलं नाही तर ज्याला हवी त्याला ती सापडणार नाही. माझं मत विचाराल तर पाटीवर 'समुपदेशन' एवढंच लिहा, आणि ते कुणाकुणासाठी आहे ते पहिल्याच दिवशी वर्गावर्गांत तोंडाने, सगळ्यांसमोर सांगा. परीक्षेचं टेन्शन असलेली मुलंही तिथेच जाऊ देत, म्हणजे दारात कोण दिसलं याला अर्थ उरणार नाही.

जागा नाही ही सबब मला सांगू नका. जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेली एक खोली प्रत्येक कॉलेजात असते. ती रिकामी करा. दोन खुर्च्या पुरतात. फक्त दाराला आतून कडी लागते का, तेवढं आधी बघून घ्या.