पहिल्या फेन्सिंग स्पर्धेचा दिवस

नमस्कार श्रोतेहो.

ज्या घरात यंदा पहिल्यांदाच फेन्सिंगच्या स्पर्धेची तयारी चालली आहे, त्या घरातल्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी आज मला बोलायचं आहे. तलवारबाजी आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये आहे, छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात तर ती चांगली रुजली आहे. तरीही बहुतेक घरांमध्ये हा खेळ आधी कुणीच खेळलेलं नसतं. क्रिकेटच्या सामन्याला जाताना काय न्यायचं, हे मामा-काकांना विचारता येतं. फेन्सिंगचं विचारायचं कुणाला? मग पालक प्रशिक्षकांना फोन करतात आणि पहिला प्रश्न हमखास असतो, ‘सर, सकाळी खायला काय देऊ?’ मला हा प्रश्न मनापासून आवडतो. त्याच्याकडे येतोच, पण आधी त्या दिवसाचा अंदाज घेऊ.

स्पर्धेची सुरुवात पूलनं होते. साधारण सहा-सात खेळाडूंचा एक गट, आणि त्यात प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत. सात जण असतील तर एकूण २१ लढती होतात, म्हणजे तुमच्या वाट्याला सहा. एक लढत पाच गुणांची, जास्तीत जास्त तीन मिनिटांची. म्हणजे पूर्ण वेळ खेळलात तरी पूलमध्ये घड्याळावर १८ मिनिटं भरतात. फॉइल, ईपी आणि सेबर या तीन प्रकारच्या तलवारींपैकी सेबरमध्ये तर त्याहून कितीतरी कमी. आणि तुम्ही हॉलमध्ये मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत असता! हजेरी, कागदपत्रं, शस्त्रतपासणी, उशिरा सुरू होणारे सामने, मधेच बिघडलेलं गुण दाखवणारं यंत्र, जेवणाची सुट्टी. पहिल्या स्पर्धेत मुलं थकतात ती बहुतेक करून या वाट पाहण्यानं. म्हणून माझं सगळ्या मुलांना सांगणं असतं, की लढायची तयारी सरावात झालेली आहे, आता दोन लढतींच्या मधल्या वेळेची तयारी करा. तुमचं खाणं, पाणी, शरीराची ऊब आणि चालू स्थितीतलं शस्त्र, सगळं त्या मधल्या वेळेतच सांभाळायचं असतं.

आता खाण्याचं. आदल्या रात्री नेहमीचं जेवण, फक्त वेळेवर. वरण-भात, तूप, दोन पोळ्या, एखादी साधी भाजी. भात पोटभर खाऊ द्या, कारण दुसऱ्या दिवशी पायांना लागणारी साखर शरीर आज साठवणार आहे. फेन्सिंगमध्ये लंज, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून केलेला वार, मग माघार, पुन्हा हल्ला, असे काही सेकंदांचे झटके असतात आणि ते याच साठ्यावर चालतात. उद्या स्पर्धा म्हणून मुलाला खूश करायला हॉटेलात नेऊ नका. पनीरची तेलकट भाजी आणि रात्री अकराला आइस्क्रीम, याचा हिशोब सकाळी पोट मागतं.

सकाळचा मुख्य नाश्ता पहिल्या लढतीच्या अडीच-तीन तास आधी व्हायला हवा. साडेआठला पूल असेल तर सहाच्या सुमारास. कांदेपोहे चालतील, पण तेल बेताचं आणि शेंगदाणे मूठभर नकोत. उपमा, इडली, मऊ भात, दूध-पोळी, यांतलं जे मुलाच्या सवयीचं आहे ते द्या. स्निग्ध आणि फार चोथ्याचे पदार्थ पोटात रेंगाळतात, त्यात स्पर्धेच्या धास्तीनं पचन आणखी मंदावतं. मग पहिल्याच लंजला पोटात गोळा येतो. काही मुलांना सकाळी घासच उतरत नाही. अशांच्या मागे ताट घेऊन धावू नका. एक केळं, अर्धा कप दूध किंवा पातळ पेज, तेवढ्यावर निघा आणि हॉलवर पोचल्यावर तासाभरानं पुन्हा थोडं खायला द्या.

हॉलमध्ये डबा कसा असावा? छोट्या छोट्या घासांचा. केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, गूळ लावलेली पोळी चार तुकडे करून. बाहेरगावची स्पर्धा असेल तर दशम्या न्या. दुधात भिजवलेल्या पिठाच्या असल्यानं त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात आणि मुक्कामाच्या ठिकाणचं जेवण कसं असेल ही काळजी मिटते. शेंगदाण्याची चिक्की मुलांना प्रिय असते, पण ती पूल संपल्यावर, पुढच्या फेरीला निदान तासभर असेल तेव्हा. दोन लढतींमध्ये दहाच मिनिटं असतील तर काही खाऊ नका, दोन-तीन घोट पाणी पुरे. आणि हॉलबाहेरच्या गाडीवरचा वडापाव संध्याकाळी, सगळं संपल्यावर! तो खाऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही, फक्त त्याची वेळ ती.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे गफलत होते. आत छाती आणि बगल झाकणारं प्लास्ट्रॉन, वर जाड जॅकेट, फॉइल आणि सेबरवाल्यांना त्यावर धातूच्या धाग्यांचं लेमी नावाचं जॅकेट, तोंडावर मास्क. पंखे असलेल्या हॉलमध्येही मूल घामानं निथळतं आणि घामाबरोबर मीठ जातं. तेव्हा एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत ठेवा. सकाळपासून घोट घोट घेत राहायचं. तहान लागल्यावर एकदम अर्धा लिटर ढोसलं की पोट डुचमळतं. ओआरएसची पुडी नेणार असाल तर पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी विरघळवा, अंदाजपंचे अर्धी नको. ग्लुकोजची पावडर तळहातावर घेऊन चाटणारी मुलं मी पाहतो, तीही सवय चांगली नाही.

एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे या स्पर्धा कधी श्रावणात, कधी नवरात्रात येतात आणि घरात मुलांचेही उपवास असतात. माझं मत स्पष्ट आहे, वाढत्या वयाच्या मुलानं स्पर्धेच्या दिवशी निर्जळी उपवास करू नये. उपवास धरायचाच असेल तर उकडलेलं रताळं, केळी, राजगिरा, ताक, एवढ्यावर दिवस नीट निघतो. रताळं तर खेळाडूसाठी उत्तमच. साबुदाण्याची खिचडी मात्र तूप आणि दाण्याच्या कुटामुळे जड पडते, ती रात्रीसाठी ठेवा.

मुलींसाठीही एक सांगायचं आहे आणि ते मोकळेपणानं बोललं गेलं पाहिजे. गणवेश पांढरा असतो. पाळीची तारीख जवळ असेल तर आत गडद रंगाची शॉर्ट्स घालावी, सॅनिटरी पॅड किटबॅगेतच ठेवावेत आणि सोबत जाणाऱ्या बाईंना आधी सांगून ठेवावं. या एका चिंतेपायी चांगल्या खेळणाऱ्या मुली पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्ट्यावर, आखडून उभ्या राहतात.

आता शस्त्राकडे. फॉइल आणि ईपीच्या टोकाला बटण असतं, त्यात बारीक स्प्रिंग आणि दोन अगदी चिमुकले स्क्रू. लढतीआधी पंच त्या टोकावर वजन ठेवून पाहतात, फॉइलसाठी ५०० ग्रॅम, ईपीसाठी ७५० ग्रॅम. स्प्रिंगनं ते वजन उचलून धरलं पाहिजे. ईपीला त्याखेरीज पातळ पट्ट्या घालून बटणाची हालचालही मोजतात. पावसाळ्यात आर्द्रतेनं बटणात गंज धरतो आणि घरी व्यवस्थित चालणारं शस्त्र तिथे मुकं होतं. म्हणून आदल्या दिवशी क्लबच्या यंत्रावर प्रत्येक शस्त्र आणि प्रत्येक बॉडी वायर, म्हणजे शस्त्राला यंत्राशी जोडणारी जॅकेटच्या आतली तार, लावून पाहा, वायर हलवून पाहा. फॉइलवाल्यांनी ब्लेडच्या टोकाकडच्या १५ सेंटीमीटरवरची चिकटपट्टी सुटली नाही ना, तेही बघावं.

नियमानं पिस्टवर किमान दोन चालू शस्त्रं आणि दोन बॉडी वायर घेऊनच जायचं असतं. एक बंद निघालं तर पिवळं कार्ड, पुन्हा तशी चूक झाली तर लाल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एक गुण फुकट. पाच गुणांच्या लढतीत हा फार मोठा फटका आहे. दुसरं शस्त्र स्वतःचं नसेल तर क्लबमधल्या मित्राकडून मागून घ्या, पण आदल्या दिवशी. बॅगेत छोटा स्क्रू ड्रायव्हर, जादा स्क्रू, इन्सुलेशन टेप, जादा मोजे आणि कोरडा टी-शर्ट असू द्या. पूल संपला की ओला टी-शर्ट बदलायचाच. अंगावर घाम वाळला की स्नायू आखडतात आणि पुढच्या फेरीत पाय उचलत नाहीत.

मास्क आणि जॅकेटच्या बाबतीत काटकसर करू नका. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचं ब्लेड तुटलं, ते मास्क भेदून गेलं आणि ऑलिंपिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह दगावला. त्यानंतर ब्लेडचं पोलाद, मास्कची जाळी, जॅकेटचं कापड, सगळ्याचे निकष कडक झाले. आज हा खेळ सुरक्षित आहे तो त्या निकषांमुळे. तेव्हा जाळी दबलेला मास्क किंवा बगलेत उसवलेलं जॅकेट ‘एवढी स्पर्धा होऊन जाऊ दे’ म्हणून वापरू नये.

वेळेबाबत एक खरी हकिगत. टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरलेली, ऑलिंपिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय तलवारबाज भवानी देवी. ती १४ वर्षांची असताना तुर्कस्तानात पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेली आणि लढतीला तीन मिनिटं उशिरा पोचली. पंचांनी काळं कार्ड दाखवलं, स्पर्धा तिथेच संपली. याच मुलीनं पुढे टोकियोत पहिली लढत १५-३ अशी जिंकली आणि २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. आपल्या जिल्हा स्पर्धेतही नाव पुकारलं की मिनिटामिनिटाच्या अंतरानं तीनच हाका होतात. म्हणून पूलचा तक्ता लागला की पिस्ट क्रमांक आणि आपला क्रमांक हातावर लिहून ठेवा. प्रसाधनगृहात जाताना मित्राला सांगून जा.

तक्त्यातला आपला क्रमांकही बरंच काही सांगतो. सात जणांच्या पूलमध्ये लढती १-४, २-५, ३-६, ७-१ अशा क्रमानं होतात. तुम्ही एक किंवा चार असाल तर पहिल्याच हाकेला अंग गरम असायला हवं, आधीची २० मिनिटं धावणं, फूटवर्क, दोन-चार हलक्या लढती. तुमचा क्रमांक सात असेल तर तीन लढती पाहायला मिळतात. त्या बसून, मोबाइल बघत घालवू नका. समोर खेळतात ते तुमचेच प्रतिस्पर्धी आहेत. डावखुरं कोण? पहिला गुण घ्यायला कोण अंगावर धावून येतं? कोण मागे सरकत राहतं? एकेकाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ.

आणि आता मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. पूलनंतर क्रमवारी लागते ती आधी विजयांवर आणि विजय सारखे असतील तर घेतलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या फरकावर. समजा, दोघींनी सहापैकी तीन-तीन लढती ५-२ अशा जिंकल्या. एक उरलेल्या तिन्ही ४-५ अशा हरली, दुसरी १-५ अशा. पहिलीचा फरक अधिक सहा होतो, दुसरीचा उणे तीन. बाद फेरीत वरच्या क्रमांकाला खालच्या क्रमांकाशी खेळायला मिळतं, त्यामुळे पहिलीचा रस्ता सोपा होतो. ०-४ अशी मागे पडलेली मुलगी तेव्हा मान टाकून उभी राहते ना, तिच्यापाशी जाऊन मला हे ओरडून सांगावंसं वाटतं, की आत्ता घेतलेला एक गुण दुपारी तुझ्या कामी येणार आहे! ०-५ आणि ३-५ यांत फार अंतर आहे. लढत संपली की आधी सॅल्यूट आणि हस्तांदोलन, मग गुणतक्त्यात आपले आकडे बरोबर लिहिलेत ना ते पाहायचं आणि त्यानंतरच सही करायची. लाजू नका, पंचांना नम्रपणे विचारता येतं.

बाद फेरी १५ गुणांची, तीन-तीन मिनिटांच्या तीन डावांची, मधे एक-एक मिनिट विश्रांती. सेबरमध्ये ही विश्रांती कुणाचेही आठ गुण झाले की मिळते. त्या मिनिटात पाणी प्यायचं, मास्क काढून श्वास घ्यायचा आणि प्रशिक्षकांचं एकच वाक्य ऐकायचं. पालकांनो, तुम्ही त्या वेळी गॅलरीतच थांबा. दोन बाजूंनी दोन सूचना आल्या की मूल कुणाचंच ऐकू शकत नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर तासाभरात नीट जेवण द्या. खिचडी-कढी, उसळ-भात, अंडी खात असाल तर अंडी. आणि झोपण्यापूर्वी किटबॅग उघडायला लावा, हे काम मुलानंच करायचं. घामाच्या मिठानं लेमीचे धागे मरतात, तेव्हा ते कोमट पाण्यातून हलकेच काढून, न पिळता हँगरवर टांगायचं. ब्लेड कोरड्या फडक्यानं पुसायचं, मास्क उघड्यावर ठेवायचा, मोजे धुवायला टाकायचे. मग वही घेऊन सहाही लढतींचे गुण लिहायचे आणि प्रत्येकीपुढे शेवटचा गुण कसा गेला किंवा कसा मिळाला, ते एका ओळीत. सोमवारच्या सरावाला ती वही प्रशिक्षकांना दाखवायची.

यंदा पिस्टवर पहिल्यांदा उतरणाऱ्या तुम्हा सर्वांना माझ्या मनापासून शुभेच्छा. नमस्कार.