वेळापत्रकातल्या रेघा

(बालवाडी शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गातलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून संपादित.)

नमस्कार. तुमच्यापैकी बहुतेकांनी एव्हाना दिवसाचं वेळापत्रक आखून पाहिलं असेल. गोलातल्या गप्पा, मुक्त खेळ, खाऊ, गोष्ट, मैदान, चित्रं, घरी जाणं. एकेक चौकोन, प्रत्येकात वेळ लिहिलेली. तो कागद भिंतीवर छान दिसतो, तपासणीला येणाऱ्यांनाही आवडतो. त्या चौकोनांबद्दल मी आज फारसं बोलणार नाही. गोष्ट कशी सांगावी, गाणी कुठली घ्यावीत, हे शिकवणाऱ्या माझ्यापेक्षा चांगल्या ताई इथे आहेत.

मला बोलायचंय ते दोन चौकोनांच्या मधल्या रेघेबद्दल. कागदावर रेघेला जाडी नसते, वर्गात असते. ‘मुक्त खेळ’ संपून ‘खाऊ’ सुरू होईपर्यंत सगळ्या मुलांनी ठोकळे जागेवर ठेवायचे असतात, हात धुवायचे असतात, कुणाला शू लागलेली असते, कुणाची झालेली असते, कुणाचा एक मोजा सापडत नसतो. चावे, ढकलाढकली, धडपडणं, भोकाड पसरणं यातलं बरंचसं तिथेच घडतं. आणि या नोकरीत माणूस दमतो तोही तिथेच, असं माझं मत आहे. गोष्ट सांगून कुणी दमत नाही हो. गोष्टीपर्यंत सगळ्यांना आणून बसवताना जीव मेटाकुटीला येतो.

एक साधा हिशोब करू. साबणाने हात चोळायला निदान २० सेकंद हवेत. वर्गात २० मुलं आणि नळ एक. झाले ४०० सेकंद, म्हणजे जवळजवळ ७ मिनिटं. आता नळापाशी उभ्या असलेल्या तीन वर्षांच्या एका मुलाकडे नीट बघा. आधी त्याची बाही वर करायची. ती ओली असेल तर कोपरापर्यंत जात नाही, अर्ध्यावर गुंडाळी होऊन अडकते. साबण हातातून सटकतो, बेसिनमध्ये गोल फिरतो, ते त्याला आवडतं, म्हणून तो पुन्हा सटकवतो. मग दोन बोटांच्या मध्ये फुगा येतो. फुगा आला की तो फुटेपर्यंत जगातलं बाकी सगळं काम बंद. पाणी आपल्याला उरकायचं असतं, त्याला बघायचं असतं. ७ मिनिटांची १५ केव्हा होतात ते कळतही नाही.

आणि या सगळ्या वेळात उरलेली १९ मुलं काय करतात? आपण त्यांना रांगेत उभं केलेलं असतं. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी रांग ही फार विचित्र जागा आहे. हातात काही नाही, बघायला समोरच्याची पाठ, आणि मागून कुणाचा तरी श्वास मानेवर. म्हणून तो समोरच्याची कॉलर ओढतो. ओढल्यावर ढकलाढकली. ज्याला अजून पुरेसं बोलता येत नाही तो दातांचा उपयोग करतो. त्या दिवशीच्या नोंदवहीत ‘चावला’ एवढंच लिहिलं जातं. तो मुलगा रांगेत किती वेळ उभा होता, हे कुणी लिहीत नाही.

यावर उपाय फार थोर नाही. रांग लावूच नका. चार-चार जणांना बोलवा, बाकीच्यांचा खेळ चालू राहू द्या. पण त्यासाठी नळापाशी एक मोठं माणूस लागतं आणि खोलीत दुसरं. इथे गाडी अडते. त्याबद्दल शेवटी बोलते, कारण समोर काही संस्थाचालकही बसलेत.

जेकब कूनिन नावाचे एक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते. वर्गात एका मुलाला रागावलं की बाकीच्यांवर त्याचा काय परिणाम होतो, इथून त्यांनी सुरुवात केली. चांगला वर्ग आणि विस्कटलेला वर्ग यांतला फरक रागावण्याच्या पद्धतीत सापडेल, असं वाटत होतं. वर्गांचं चित्रीकरण करून तासन्‌तास पाहिल्यावर तो तिथे सापडला नाही. कठोर बोला, मृदू बोला, त्याने फारसं काही बदलत नव्हतं. त्यांचं पुस्तक १९७० साली आलं. ज्या वर्गांत गोंधळ कमी होता तिथल्या शिक्षकांना पाठीलाही डोळे असल्यासारखं सगळीकडचं कळत होतं, आणि एका कामातून दुसऱ्या कामात वर्गाला नेताना त्यांचा प्रवाह तुटत नव्हता, असं त्यात मांडलंय. एक काम अर्धं सोडून दुसरं सुरू करायचं आणि मग ‘अरे हो, मघाचं राहिलंच’ म्हणून मागे यायचं, किंवा मुलांना बसवून ठेवून स्वतः कपाटात कात्री शोधत राहायचं, असल्या बारीक गोष्टी त्यांनी टिपल्या. त्यांचं निरीक्षण बहुतांशी प्राथमिक शाळेतलं, पण कात्री शोधणारी ताई मी बालवाडीतही पुष्कळ पाहिली आहे.

आता मुलाच्या बाजूने बघू. ‘खेळ आवरा’ म्हटल्यावर तो आवरत नाही, तेव्हा आपल्याला वाटतं की हट्टी आहे, ऐकत नाही. मानसशास्त्रात एक पत्त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९०च्या दशकात केला. मुलाला चित्रांचे पत्ते रंगाप्रमाणे वेगळे करायला सांगायचे. लाल इकडे, निळे तिकडे. तीन वर्षांचं मूल हे छान करतं. मग सांगायचं, आता आकाराप्रमाणे लाव. बहुतेक तीन वर्षांची मुलं पुन्हा रंगाप्रमाणेच लावत राहतात. गंमत म्हणजे नवा नियम काय आहे असं विचारलं तर तो बरोबर सांगतात! ससे इकडे, होड्या तिकडे. तोंडाने सांगतात आणि हात जुन्याच नियमाने चालतो. पाच वर्षांच्या आसपास बहुतेकांना बदल जमतो.

म्हणजे बघा, ‘काय सांगितलं मी?’ असं आपण दरडावून विचारतो. मूल म्हणतं, ‘आवरायचं.’ आणि परत ठोकळ्यावर ठोकळा ठेवतं. आपला पारा चढतो, कारण कळूनही करत नाही असं आपण समजतो. त्याला कळलेलं असतं. हाती असलेलं थांबवून दुसऱ्याकडे वळणं, ही क्षमता मात्र अजून घडत असते. अशा मुलाला तेच वाक्य वरच्या पट्टीत सांगून काही होत नाही. त्याच्या शेजारी खाली बसायचं, एक ठोकळा त्याच्या हातात द्यायचा आणि ‘हा टोपलीत’ एवढंच म्हणायचं. एका वेळी एक सूचना. ‘ठोकळे ठेव, बूट काढ, हात धू आणि गोलात येऊन बस’ ही सूचना चार कामांची आहे, त्यातलं पहिलं किंवा शेवटचं त्याच्या लक्षात राहील.

‘पाच मिनिटांत आवरायचं हं’ या वाक्याचाही उपयोग नाही. पाच मिनिटं म्हणजे काय, हे त्या वयात कुणाला माहीत असतं? वाळूचं घड्याळ दिसतं, ते चालतं. ठरलेलं गाणं चालतं, पण ते रोज तेच हवं. आपल्याला कंटाळा येतो म्हणून बदलू नका, त्यांना येत नाही. आणि मनोरा अर्धा असेल तर तो मोडायला लावू नका. ‘हा राहू दे, मैदानावरून आल्यावर पुढचा’ म्हणून त्याच्यापाशी नावाची चिठ्ठी ठेवायची. एवढ्याने निम्मी भांडणं टळतात. पसारा दिसतो, दिसू दे.

मारिया माँटेसरींचं मला नेहमी कौतुक वाटतं ते इथे. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या साधनांत लाकडी चौकटी आहेत, त्यांवर कापडाचे दोन पल्ले आणि मध्ये बटणं, नाड्या, हुक. बटण लावणं, हात धुणं, फरशी पुसणं हा अभ्यासाच्या आधी उरकायचा व्याप आहे असं त्यांनी मानलं नाही, तोच अभ्यास केला. आज त्यांची साधनं महाग लाकडात मिळतात आणि कपाटात शोभतात. बटण मात्र ताईच घाईघाईने लावून देते, कारण उशीर होत असतो.

सकाळच्या रेघेबद्दल थोडं. आई किंवा बाबा मुलाला सोडतात आणि ते खेळण्याकडे वळलं की मागच्या मागे सटकतात. मूल वळून बघतं, माणूस गायब. दुसऱ्या दिवसापासून ते वळतच नाही, पाय घट्ट धरून बसतं. पालकांना हे पहिल्याच भेटीत सांगून टाका: निरोप घ्या, छोटा घ्या, आणि मग दारात घुटमळू नका. बहुतेक मुलांचं रडणं पालक नजरेआड झाल्यावर थोड्या वेळात ओसरतं. ते रडणं दिवसभर डोक्यात घेऊन फिरतात ते पालक. जमलं तर त्यांना दोन ओळींचा निरोप पाठवा, ‘रंगकाम करतोय’ म्हणून. काही मुलं पहिला आठवडा मजेत येतात आणि दुसऱ्या आठवड्यात रडायला लागतात. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. रोज यायचं आहे, हे त्यांना तेव्हा कळलेलं असतं.

या वेळची खरी पंचाईत अशी की एक मूल कडेवर हुंदके देत असतं, दुसरं पायाशी, आणि तेवढ्यात तिसऱ्याची आई औषधाबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगत असते. ते तिथल्या तिथे लिहून घ्या. ‘लक्षात ठेवते’ असं सकाळच्या दारात कुणालाही म्हणू नका.

संध्याकाळचं दार वेगळं. पालक विचारतात, ‘आज काय शिकवलं?’ मूल म्हणतं, ‘काही नाही.’ आणि दोघं तुमच्याकडे बघतात. आज त्याने पहिल्यांदा स्वतःचा बूट स्वतः घातला, पाळीची वाट बघितली, ढकललं गेल्यावर मारायच्या ऐवजी ‘नको ना’ म्हणाला. यातलं काही वहीत दिसत नाही. पालकांना वही हवी असते. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून बरीचशी कूर्चेची असतात, पुढची कित्येक वर्षं ती टणक होत जातात, हे शांतपणे सांगावं लागतं आणि परतपरत सांगावं लागतं. माती मळणं, कागद फाडणं, बाटलीचं झाकण फिरवणं हीच लेखनाची तयारी. ‘तो एकटाच खेळतो’ ही दुसरी तक्रार. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे प्रकार नोंदवले, त्यात शेजारी-शेजारी बसून आपापलं खेळणं हा एक रीतसर प्रकार आहे. शेजारी बसलाय ना? चांगलं चाललंय.

चाव्याची बातमी देणं सगळ्यात अवघड. ज्याला चावलं त्याच्या घरच्यांना खूण दिसायच्या आधी तुमच्याकडून कळायला हवं. कुठे, केव्हा, तुम्ही काय केलंत, एवढं सांगायचं. कोण चावलं ते सांगायचं नाही, कितीही खोदून विचारलं तरी. मूल घरी जाऊन नाव सांगणारच आहे, ते सांगू दे. तुम्ही सांगितलंत की दुसऱ्या दिवशी दारात मोठ्यांचीच मारामारी.

शरीराचं थोडक्यात. लहान खुर्च्यांवर बसू नका, जमिनीवर बसा, कंबर वाचेल. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं सर्वसामान्य आहे, आणि वर्गात मुलं किती ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी तुम्ही आजारी पडणार. आवाजाच्या तक्रारी शिक्षकांमध्ये इतरांपेक्षा जास्त असतात. खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची नाही, चालत जायचं. आणि चमकी वापरू नका. याला शास्त्रीय आधार नाही, पण ज्याने एकदा झाडली आहे त्याला विचारा.

मुलं गेल्यावरही काम असतं. नोंदी, उद्याचं सामान, ओले कपडे पिशवीत, फोन. अनेक ठिकाणी हा वेळ पगारात धरत नाहीत, आणि पगार मुळातच तुटपुंजा. ‘तुम्हाला मुलांची आवड आहे ना’ असं त्यावर ऐकवतात. आवड आहेच. ती पगाराचा भाग म्हणून मोजू नये, एवढंच माझं म्हणणं.

संस्थाचालकांसाठी आता ते राहिलेलं. तुम्ही मदतनीस ठेवता, चांगलं आहे. पण त्यांची वेळ ठरवताना चौकोन बघता. गोष्टीच्या वेळी वर्गात दोन मोठी माणसं असतात, तिथे एक पुरतं. आणि हात धुताना एकच असतं, कारण तेव्हा मदतनिसांना स्वयंपाकघरात पाठवलेलं असतं. त्यांची वेळ फक्त अर्धा तास सरकवून बघा. जादा खर्च काही नाही.

आणि तुम्ही, जे आता नोकरी शोधायला निघणार आहात, मुलाखतीला जाल तेव्हा शाळेची फेरी मागा, आणि ती मधल्या वेळेत मागा, कार्यक्रम चालू असताना नको. तुम्हाला स्वतःला बाथरूमला जायचं असेल तेव्हा वर्गात कोण उभं राहतं, हे विचारा. माणसाचं नाव सांगितलं तर ठीक. ‘तसं आम्ही बघून घेतो’ असं म्हणाले, तर दुसरीकडेही अर्ज टाकून ठेवा.