औषधाच्या आधीची वही

(नाशिकमधील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘दुर्मीळ आनुवंशिक आजार आणि औषधांच्या चाचण्या’. त्याच्याकडे मी येणारच आहे, पण आधी एक विचारते. द्राक्षबाग असलेल्या घरातले इथे किती जण आहेत? हात वर करा जरा. बरेच आहेत की! मग छाटणीची वही काय असते ते तुम्हाला सांगायला नको. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की दिवस एक. पुढे कितव्या दिवशी कोणती फवारणी, पाऊस कधी झाला, भुरीचा रोग कुठल्या ओळीत दिसला, डाऊनीचा कुठे आला, सगळं तारखेनिशी. माल बाहेर पाठवायचा असेल तर त्या वहीशिवाय पुढे काही हलतच नाही.

अशा एका वहीची गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना माझी एक चूकही सांगावी लागेल.

वीस-बावीस वर्षं झाली. मी बालरोगतज्ज्ञ म्हणून नवीनच होते. निफाडकडचं एक कुटुंब चार वर्षांच्या मुलाला घेऊन आलं. ताप होता, म्हणून रक्त तपासलं. ताप उतरला, पण रिपोर्टमध्ये एसजीओटी आणि एसजीपीटी ही रक्तातली दोन्ही एन्झाइम्स चढलेली. आपल्याकडे एसजीपीटी वाढलं की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो, लिव्हर. माझ्याही आला. कावीळ नाही, पोटाची सोनोग्राफी स्वच्छ. तरी मी लिव्हरचं सिरप लिहून दिलं. दोन महिन्यांनी पुन्हा रिपोर्ट, पुन्हा चढलेला, सिरप बदललं. घरच्यांनी तेल-तूप बंद केलं, कुणीतरी सांगितलं म्हणून मुळ्याच्या पानांचा रस सुरू केला. पोरगं बिचारं नाक धरून प्यायचं.

त्याचे आजोबा तालमीतले. नातवाच्या पोटऱ्या आल्यागेल्याला दाखवायचे, “बघा, पैलवान जन्माला आलाय आमच्यात!” तुम्ही आत्ता हसलात, तशी त्या वेळी मीही हसले होते. पोटऱ्या खरंच टणक आणि भरलेल्या होत्या. पण तो मुलगा पळताना मागे पडायचा. जमिनीवरून उठताना आधी ओणवा व्हायचा, मग गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. हे त्याच्या आईनं मला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी म्हणाले, “अशक्तपणा आहे, वाढेल तसा सुधारेल.”

अशी दोन वर्षं गेली. मग मुंबईच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी त्याला चालताना पाहिलं आणि चिठ्ठीवर एकच तपासणी लिहिली, सीपीके, म्हणजे स्नायूंमधल्या एका एन्झाइमची रक्ततपासणी. नॉर्मल असतं दोनशेच्या आसपास. याचं आलं अठरा हजार. एसजीओटी, एसजीपीटी ही एन्झाइम्स स्नायूंमध्येही असतात. स्नायू झिजायला लागला की ती रक्तात उतरतात. लिव्हरचा त्यात काही दोष नव्हता. पोटऱ्यांमध्ये स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरत होते. आजार होता ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू झिजत नेणारा आनुवंशिक आजार.

त्या दोन वर्षांत त्या बाईंना दुसरा मुलगा झाला. हा आजार एक्स गुणसूत्रावरून येतो. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी. मी वेळेवर सीपीके लिहिलं असतं, तर त्या जोडप्याला निदान कळलं तरी असतं, विचार करायला वेळ मिळाला असता. दुसऱ्यालाही तोच आजार निघाला. ही चूक माझी होती आणि ती मी दरवर्षी नव्या डॉक्टरांना सांगते. आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठात शिकणारी मुलं समोर बसलेली दिसतायत. लिहून घ्या रे बाळांनो: मुलाचं एसजीपीटी चढलंय, पण लिव्हरच्या बाकी तपासण्या, बिलीरुबिन आणि जीजीटी, नॉर्मल आहेत, तर आधी सीपीके पाहा आणि त्याला एकदा जमिनीवर बसवून उठायला सांगा. त्याला दहा सेकंद लागतात आणि पैसा एक लागत नाही.

आता वही. निदान झाल्यावर पंधरा दिवसांनी वडील आले. मला वाटलं, जाब विचारतील. त्यांनी पिशवीतून छाटणीची वही काढली आणि मागून उघडली. मागच्या पानांवर मुलाच्या नोंदी सुरू केल्या होत्या. म्हणाले, “मॅडम, बागेचं सगळं लिहून ठेवतो, पोराचं नको का लिहायला?”

त्या नोंदी मला अजून पाठ आहेत. ‘जमिनीवरून उठायला ४ सेकंद.’ ‘ओट्याच्या तीन पायऱ्या, भिंतीला हात न लावता.’ ‘आठवड्यात ३ वेळा पडला, १ वेळा शाळेत.’ ‘दप्तर आईने उचलले.’ स्टिरॉइडची गोळी सुरू झाली त्या तारखेपुढे त्यांनी लिहिलं, ‘दिवस १’. छाटणीसारखं. पुढे ‘६ सेकंद’. मग ‘११ सेकंद, मांडीला हात’. त्यापुढे एका पानावर, ‘आज उठता आले नाही. सकाळी थंडी होती. उद्या पुन्हा बघू.’ आणि दुसऱ्या दिवशीची तारीख घालून, ‘नाही.’

(पाणी द्या जरा.)

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, पंधरा मिनिटं उरली. म्हणजे मुख्य विषय भरभर सांगावा लागणार. तरी ती वही सोडून मला पुढे जाता येत नाही, कारण जगात या आजारांवरची संशोधनं बहुतेक वेळा जिथे अडतात, ती जागा त्या वहीत आहे.

मधुमेहाच्या औषधाच्या चाचणीला हजारो रुग्ण मिळतात. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला औषध, दुसऱ्याला प्लॅसिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पण ज्या आजाराची सगळ्या देशात मिळून शे-दोनशे मुलं सापडतात, आणि ती वर्षभरात दगावणार हे ठाऊक आहे, तिथे निम्म्यांना प्लॅसिबो कोणत्या तोंडानं द्यायचा?

पॉम्पे नावाचा आजार घ्या. शरीरात साठवलेली साखर, ग्लायकोजन, पेशींच्या आत मोडणारं एक एन्झाइम नसतं. स्नायू आणि हृदय ग्लायकोजननं भरत जातं. हॉलंडच्या पॉम्पे यांनी हा आजार १९३२ साली नोंदवला. एन्झाइमची उणीव कळायला १९६३ उजाडलं. रॉटरडॅममध्ये चार बाळांना ते एन्झाइम पहिल्यांदा दिलं, ते जनुक बदललेल्या सशांच्या दुधातून काढलेलं होतं! पुढे पेशींमध्ये तयार केलेलं औषध सहा महिन्यांच्या आतल्या १८ बाळांना दिलं. अठराही बाळं दीड वर्षाची होईपर्यंत जगली. मग औषधाशिवाय काय झालं असतं, हे कसं ठरवलं? नऊ देशांतल्या १६८ मुलांच्या जुन्या नोंदी गोळा केल्या होत्या. त्यांत मृत्यूचं मध्यक वय, म्हणजे निम्मी मुलं ज्याच्या आत गेली ते वय, निघालं ८.७ महिने. तुलनेची मुलं त्याच नोंदींतून निवडली, प्लॅसिबो कुणालाच द्यावा लागला नाही. २००६ मध्ये औषधाला मंजुरी मिळाली. त्या १६८ घरांतली मुलं बहुतेक गेली होती. कुणीतरी त्यांच्या तारखा, वजनं, श्वास लिहून ठेवले होते म्हणून पुढची अठरा तपासता आली.

ड्युशेनचं उलट झालं. एका औषधाचा मुख्य अभ्यास होता १२ मुलांचा. सहा मिनिटांत मूल किती मीटर चालतं ते मोजत होते आणि दुसरीकडच्या, औषध न घेतलेल्या मुलांशी तुलना करत होते. ती मुलं खरंच सारखी होती का, यावर अमेरिकेत एवढा वाद झाला की औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी खात्याच्या सल्लागार समितीत मतं दुभंगली. २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, वाद मिटला नाही. अडचण अशी की ड्युशेनचा मुलगा साधारण सात वर्षांपर्यंत चालण्यात सुधारतो, कारण वाढीचा जोर आजारापेक्षा जास्त असतो. मग थांबतो, मग उतरतो. सहा वर्षांचा आणि दहा वर्षांचा मुलगा एकाच सरासरीत घातला, तर चांगलं औषध निकामी दिसेल आणि निकामी औषध चांगलं. हा चढ-उतार माझ्या निफाडच्या वहीत पानोपानी दिसतो.

प्लॅसिबो वाईटच असतो, असं मात्र समजू नका. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे मज्जारज्जूतल्या नसा निकामी होऊन स्नायू दुबळे पडण्याचा आजार, असलेल्या बाळांवर न्युसिनर्सन या औषधाची चाचणी झाली. तीनपैकी दोघांना औषध, एकाला नुसता सुईचा देखावा. मधल्या तपासणीतच फरक इतका ठळक निघाला की २०१६ मध्ये चाचणी वेळेआधी थांबवून सगळ्यांना औषध देऊ केलं. त्या तिसऱ्या बाळांमुळे शंका उरली नाही. त्यांच्या आईवडिलांचं ऋण आपण मानायला हवं.

पाच मिनिटं. आपल्याकडचं घाईनं सांगते. २०१९ च्या नियमांत ‘ऑर्फन ड्रग’ म्हणजे पाच लाखांपेक्षा जास्त लोकांना नसलेल्या आजारावरचं औषध, अशी व्याख्या आली. २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं. २०२२ मध्ये त्यात बदल झाल्यापासून, ठरवून दिलेल्या केंद्रांमधून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम त्यांपैकी एक. आयुष्यभर घ्यायच्या औषधाला ही रक्कम पुरत नाही, हे मला बोचतं आणि ते मी जिथे जाईन तिथे बोलते.

आणि एक कळकळीनं. चाचणीत औषध टोचायचे पैसे कुणी मागितले, तर तिथून उठून या. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत चाचणीचा क्रमांक आहे का बघा, ती इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराच्या नावाखाली या मुलांसाठी जमिनी विकलेले बाप मी पाहिलेत. संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो घरी आणून दोनदा वाचा. सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचंही ‘हो’ घ्यावं लागतं. ते मूल ‘नको’ म्हणालं, तर ऐका.

ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांनी उद्यापासून वही करा. महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी: जमिनीवरून उठायला किती सेकंद, चार पायऱ्या चढायला किती, दहा मीटर चालायला किती. मोबाइलवर व्हिडिओ काढा, बाजूनं, पूर्ण अंग दिसेल असा, नेहमी त्याच जागी. कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू केली तेही लिहा. ज्या महिन्यात मोजलं नाही, त्या महिन्यात ‘मोजले नाही’ असं लिहा, अंदाजानं आकडा भरू नका. निफाडच्या त्या बापानं एकही आकडा अंदाजानं भरला नव्हता.

थोरला आता नाही. धाकट्याची वही वेगळी आहे, पहिल्या पानापासून त्याचीच. त्याला गोळी वेळेवर सुरू झाली आणि भाऊ ज्या वयात बसला, त्या वयात तो चालत होता. गेल्या महिन्यात वडील झेरॉक्स घेऊन आले होते, दोन्ही वह्यांची. म्हणाले, “कुणाला लागल्या तर द्या.”

वेळ संपली. मी खाली पायऱ्यांपाशी थांबते आहे. कुणी जुन्या फाइली आणल्या असतील तर घेऊन या, गर्दी पांगली की एकेक बघते.