चोवीस-एकोणतीसचं बूच

नमस्कार. मगाशी ओळख करून देताना 'काचकलाकार' म्हणाले, ते जरा जास्तच झालं. मी नोकरीभर कॉलेजच्या लॅबसाठी काच फुंकली, म्हणजे कंडेन्सर फुटला की जोडायचा, ब्युरेटची तोटी बदलायची, हेच. कलाकार वगैरे कोणी म्हणत नव्हतं, 'बाई, हे लीक होतंय' असंच म्हणायचे. घरच्या वस्तू करायला लागले रिटायर झाल्यावर, आणि त्याला कारण फेणी.

आमच्या पेडण्याच्या घरी सासऱ्यांच्या वेळचा एक गराफांव होता. इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको, पोट फुगलेली मोठी काचेची बाटली, बाहेरून वेताचं नाहीतर काथ्याचं जाळं. ते जाळं शोभेचं नाही हां, फुंकताना काच पोटाकडे ताणली जाते, पातळ होते, म्हणून वरून कवच. पण बूच कॉर्कचं. ते झडायचं, फेणीत कण तरंगायचे, आणि कपाट उघडलं की आधी वास बाहेर यायचा, मग कपडे. तेव्हा डोक्यात आलं की अरे, लॅबमध्ये अल्कोहोल आपण कसं बंद ठेवतो? घासलेल्या काचेच्या जॉइंटनं, म्हणजे बूच आणि तोंड दोन्ही घासून एकमेकांत घट्ट बसवलेली. चोवीस-एकोणतीस म्हणतात त्याला, तोंडाशी 24 मिलिमीटर रुंद, 29 लांब, आणि दर 10 मिलिमीटरला 1 मिलिमीटर निमुळता. माप ठरलेलं, त्यामुळे ह्या बाटलीचं बूच त्या बाटलीला बसतं. फेणीचा डिकँटर केला तो हाच जॉइंट लावून. वास बंद, नवरा खूश. फक्त गोड सरबत भरू नका, साखर वाळली की बूच असं चिकटतं की बाटलीच फोडावी लागते.

लोकांना वाटतं सगळा जोर फुंकण्यात आहे. नाही हो. फुंकर बेताचीच लागते, खरं काम फिरवण्याचं. माझ्या टॉर्चवर, म्हणजे गॅस आणि ऑक्सिजनच्या ज्योतीवर, बोरोसिलिकेटची, म्हणजे लॅबच्या उष्णता सोसणाऱ्या काचेची नळी दोन्ही हातांनी सारख्या वेगानं फिरवायची, डावा हात जरा मागं राहिला की नळी पिळली गेलीच. डोळ्यावर गुलाबीसर काचेचा खास चष्मा, कारण तापल्या काचेतल्या सोडियमचा पिवळा उजेड इतका असतो की आतली काच दिसतच नाही. भट्टीवाल्यांचं तंत्र वेगळं. ते लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेली काच गोळा करतात, ती पाकासारखी ओघळते, फिरवायची थांबलात की जमिनीवर. ही फुंकनळी सिरिया-पॅलेस्टाइनच्या बाजूला निघाली त्याला दोन हजार वर्षं झाली, पण काम अजून तसंच चालतं. मला सगळ्यात आवडतं ते ओलं वर्तमानपत्र. जाड घडी भिजवून तळहातावर घ्यायची आणि तिनंच लालबुंद काचेला आकार द्यायचा, मध्ये वाफेचा पापुद्रा राहतो म्हणून हात वाचतो. मला ते येत नाही, मी नुसतं बघितलंय, आणि बघतानासुद्धा मी दोन पावलं मागंच होते.

आता माझी तक्रार. एवढं करून ती वस्तू घरी गेली की शोकेसमध्ये! आमच्या नात्यातल्या एकीनं सोलकढीसाठी माझ्याकडून जग नेला, पुढच्या चवथीला गेले तर त्यात प्लास्टिकची फुलं. अगं, त्या जगाच्या चोचीसाठी मी आठवडा घातला होता! चोचीची कड गोलसर ठेवली की कढी तिला चिकटून गळ्यावरून खाली उतरते आणि टेबलक्लॉथ गुलाबी होतो, म्हणून कड धारदार हवी, पण ओठ-बोट कापेल इतकी नको. हे फुलांना काय कळणार.

आणि 'जाड काच मजबूत' हे डोक्यातून काढा. पडली तर टिकेल कदाचित, पण गरम चहाला जाड ग्लासच आधी तडकतो. आतला थर तापून फुगतो, बाहेरच्याला अजून पत्ताच नसतो. आई ग्लासात आधी चमचा ठेवून मग चहा ओतायची ना, तो चमचा थोडी उष्णता ओढून घेतो. साधी काच बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट फुगते, म्हणून चहाला बोरोच बरी.

मघाशी कोणीतरी विचारलं, कळंगुटच्या रेतीची काच होईल का. समुद्रावरच्या रेतीत शिंपल्यांचा चुरा असतो, लोह असतं, आणि लोहानं काच हिरवट होते, त्यामुळे कारखान्याला स्वच्छ सिलिका लागते. तसं आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काच नव्हतीच, शिंपल्याचे पातळ तुकडे बसवायचे, उजेड येतो आणि ऊन लागत नाही. काच वर टांगलेली असायची, देवळातल्या हंड्या-झुंबरं बघा. बाकी रोजच्या वापरातली मराठी काच म्हणाल तर ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील. त्याच्या काचा रोज संध्याकाळी राखेनं पुसायचं काम माझं होतं, आणि फुटली की मारही माझाच.

शेवटी एक गंमत दाखवते, मागचा लाईट कोणीतरी बंद करा. ही दोन पोलरॉइड शीट्स, एकाच दिशेनं थरथरणारा उजेड जाऊ देणारी, एक आडवं एक उभं धरलं की काळोख. मध्ये तुमची प्लास्टिकची पट्टी धरा बघू पोरांनो, रंगच रंग, तो सगळा आतला ताण. काचेतला ताण काढायला वस्तू 560 डिग्रीला ठेवून मग अगदी सावकाश गार करायची, रात्रभर. आता हा ग्लास बघा, काळोखच राहतो, बरोबर झाला. आणि हा दुसरा, बुडाशी उजळ पट्टा दिसतो ना? चवथीच्या गडबडीत लवकर बाहेर काढलेला. ह्यात पाणी प्या, चहा नको. फिरवा पुढे, हातात घेऊन बघा सगळ्यांनी. पडला तर पडला, पिशवीत अजून चार आहेत.