कोकोची पोती आणि कैरोची सही

(दृश्य: टेमा बंदर, पहाट)

घानाचं टेमा बंदर. क्रेन फिरताहेत, कंटेनर चढताहेत. हा माल बंदरापर्यंत आला, त्याआधी पुष्कळ कागद इकडून तिकडे गेलेत. ही गोष्ट त्या कागदांची, आणि आफ्रिकेच्या आयात-निर्यातीला पैसा पुरवणाऱ्या कैरोतल्या अफ्रेक्झिमबँकेची.

(दृश्य: वाळत घातलेल्या कोकोच्या बिया, वजनकाटा)

एक पोतं 64 किलोचं. मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या सुमाराला उघडतो. काट्यावर पोतं चढलं की शेतकऱ्याला पैसे हवेत. परदेशी गिऱ्हाईकाचे डॉलर मात्र माल बोटीवर चढल्यावर येणार. मधले आठवडे निभावतं ते निर्यातपूर्व कर्ज. त्याची फेड विक्रीच्या पैशांतूनच होते.

(दृश्य: टेबल, शिक्के, कागदावरून सरकणारं बोट)

आयातीत अडचण वेगळी. यंत्र विकणारा दूर बसलेला. स्थानिक बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची लेखी हमी, हातात पडलं तरी तो म्हणतो, या बँकेला ओळखतं कोण? मग दुसरी, वजनदार बँक त्यावर आपली हमी चढवते. याला म्हणतात कन्फर्मेशन. पहिलीनं हात वर केले तरी दुसरी पैसे देणार.

हे बोट बघा. बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल बोटीवर चढल्याच्या पावतीची, एकेक ओळ चाललीय. बँक माल उघडून बघत नाही, बघते फक्त कागद. एका कागदावर नगांची संख्या वेगळी निघाली, की पैसे अडले. तपासणीला मुदत बँकेच्या कामकाजाचे जास्तीत जास्त 5 दिवस.

(दृश्य: कैरो, बँकेची इमारत)

ही हमी मागायला आफ्रिकेला युरोपच्या बँकांच्या दारात उभं राहावं लागे. ऐंशीच्या दशकात कर्जं थकली आणि त्या बँकांनी हात आखडते घेतले. मग 1993 मध्ये अफ्रेक्झिमबँक स्थापन झाली. भागधारक आफ्रिकी सरकारं, मध्यवर्ती बँका, खासगी गुंतवणूकदार. परदेशी संस्थाही आहेत, पण घर आफ्रिकेचं.

(दृश्य: अक्रा, मोबाइलचा पडदा)

घानातून नायजेरियाला पैसे पाठवायचे, तर ते डॉलर होऊन न्यूयॉर्कला वळसा घालत. शेजाऱ्याकडे जायला केवढा हा प्रवास! 2022 मध्ये याच बँकेच्या पाठबळावर पॅप्स ही देशादेशांत पैसे पाठवायची यंत्रणा सुरू झाली. इकडे घानाचे सेडी भरायचे, तिकडे नायजेरियाचे नायरा मिळतात.

पण या बँकेची कर्जं बाजारभावाच्या व्याजाचीच, घाना आणि झांबियाच्या थकबाकीवरून वादही झाले, 2025 मध्ये फिच या पतमानांकन संस्थेनं बँकेचं मानांकन खाली आणलं.

(दृश्य: बोट धक्का सोडते)

बोट सुटली. कागद कुरिअरनं निघालेत. ते बोटीच्या आधी पोचायला हवेत.