रिकामी बाटली कुणाची?

नमस्कार श्रोतेहो. रिसायकलिंग सरकारनं सक्तीचं करावं की लोकांच्या मर्जीवर सोडावं, हा आजचा विषय. ओला कचरा, सुका कचरा याबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलंय. 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत आपलं कराड देशात पहिलं आलं, तेही तुम्हाला माहीत आहे. म्हणून शहर बाजूला ठेवून मी बांधावरच्या कचऱ्याबद्दल बोलतो. त्याची घंटागाडी अजून निघालेली नाही.

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांत ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी कडेला टाकलेली दिसतात. ती फार दिवस तिथं राहत नाहीत. भंगारवाला येतो, वजन करतो, पैसे देतो, घेऊन जातो. बागेची तार, पत्रा, फुटके क्रेट, सगळं असंच जातं. यासाठी कुणी कायदा केलेला नाही. ज्याला भाव आहे ते आपोआप फिरतं, आणि तिथं सरकारनं लुडबूड करू नये असंच माझं मत आहे.

आता त्याच बांधावर जे पडून राहतं ते बघा. मिरची किंवा कलिंगड निघालं की मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद, उपसावा लागतो. पातळ कागद तो, ओढला की त्याच्या चिंध्या होतात आणि चिंधीचिंधीला माती, मुळ्या चिकटलेल्या. एका भंगारवाल्याला मी विचारलं, हे का नेत नाही? तो म्हणाला, "साहेब, ह्यात प्लास्टिक पावशेर आणि माती दोन किलो. मी काय माती इकू?" मग तिन्हीसांजेला त्याला काडी लागते आणि सगळ्या शिवारात तो वास सुटतो.

दुसरी वस्तू म्हणजे औषधाच्या रिकाम्या बाटल्या. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीवर फवारणी चालते. बाटल्या विहिरीच्या कठड्याशी, ओढ्यात, ऊसाच्या सरीत कुठंही सापडतात. काही घरांत तर धुऊन त्यांत रॉकेल नाहीतर डिझेल भरून ठेवतात. पोरंबाळं असलेल्या घरात!

कायदा नाही असं समजू नका. 1971 च्या कीटकनाशक नियमांत लिहिलंय की रिकामी वेष्टनं फोडून वस्तीपासून लांब पुरावीत. पुरावीत, परत द्यावीत असं नाही. म्हणजे शेतकऱ्यानं नियम तंतोतंत पाळला तरी बाटली त्याच्याच जमिनीत जाणार.

ब्राझीलनं 2000 साली वेगळा कायदा केला. शेतकऱ्यानं बाटली तीनदा विसळायची आणि वर्षाच्या आत परत करायची. कुठं करायची, ते दुकानदारानं पावतीवरच लिहून द्यायचं. तिथून पुढं उचलून नेण्याची जबाबदारी कंपनीची. आज तिथं अशा प्लास्टिक बाटल्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त परत येतात. सक्ती आहे, पण साखळीतल्या प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी.

आपल्याकडे 2022 पासून प्लास्टिक वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, पण हिशेब टनांचा आहे. दुसऱ्या कुणी तेवढं प्लास्टिक रिसायकल केल्याची प्रमाणपत्रं विकत घेऊन कंपनी तो भरून काढू शकते. ते प्लास्टिक कुठल्याही शहरातलं असलं तरी चालतं, तुमच्या बांधावरची बाटली तिथंच राहिली तरी कागद पूर्ण. मल्चिंग पेपर तर वेष्टन नव्हेच, त्यामुळं तो या हिशेबातही येत नाही.

सक्तीला नावं ठेवणारे 2018 च्या राज्यातल्या प्लास्टिकबंदीकडे बोट दाखवतात. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड, आणि आठवडी बाजारात पिशव्या आहेतच. बरोबर आहे. पण दंड भरतं कोण? कोथिंबीर विकणारी मावशी, कारण ती समोर बसलेली असते. पिशवी बनवणारा कारखाना समोर बसत नाही. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीमागं पन्नास पैसे परत देण्याची सोय होती. ती दुकानात कधी दिसली? माझ्या मते तेच कलम सगळ्यात कामाचं होतं.

म्हणून मी सक्तीच्या बाजूनं आहे, मात्र ती आधी कंपनीवर आणि विक्रेत्यावर, शेतकऱ्यावर सगळ्यात शेवटी. बाटलीमागं दहा रुपये अनामत ठेवा, पावतीवर लिहा, परत आणली की दहा रुपये हातात. कृषी सेवा केंद्रवाले म्हणतील, दुकानात जागा कुठाय? त्यांचंही खरं आहे. वास मारणारी पोती दुकानात कोण ठेवील? तेव्हा जागा कंपन्यांनी घ्यावी, बाजार समितीच्या आवारात चार पत्र्यांची शेड पुरेल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर बाटली रिकामी झाली की तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता, म्हणजे औषधही वाया जात नाही. मग बुडाला भोक पाडा, म्हणजे घरात कुणी तिच्यात काही भरून ठेवणार नाही. आणि पुढच्या वेळी औषध घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला पावती मागताना विचारा, ही परत कुठं द्यायची?